थोरलीचं दीड पान

दोघा भावांनी घराचे दोन मजले वाटून घेतले तेव्हा थोरल्याने खालचा घेतला आणि धाकट्याने वरचा. पुढे दोघांच्या बायका आल्या आणि सगळी गल्ली त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागली. थोरलीला हे नाव फारसं रुचायचं नाही. ती लेखिका होती. दोन पुस्तकं छापून आली होती, तिसरं छापखान्यात होतं, पण गल्लीत दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

पोटापाण्यासाठी ती एका वर्तमानपत्रात प्रुफं तपासायची. दुपारी कामावर जायची ती रात्रीचं जेवण निवल्यावर परतायची. स्वतःचं लिहिणं पहाटे, जेवणाच्या टेबलावर. लिहायची फार हळू. एक वाक्य लिहायची, दोन खोडायची. तिच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की हिने खोडलेलं सगळं एकत्र बांधलं तर घरात कपाट पुरायचं नाही. दोन-चार जाणत्या मंडळींनी तिच्या लेखनाला ‘संयत’ म्हटलं होतं. तो शब्द तिने बरेच दिवस जपून वापरला.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहायची. लिहिण्या-वाचण्याच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. ती बोलायची. रविवारी दोन्ही बिऱ्हाडं खाली एकत्र जेवत, तेव्हा धाकटी आठवड्याची गिऱ्हाइकं टेबलावर आणून बसवायची. कुणी नाकावर चष्मा असताना चष्मा हरवल्याची तक्रार घेऊन आलेला, कुणी नवऱ्यापासून नंबर लपवणारी. सगळ्यांचे आवाज काढायची. थोरलीचे दीर पोट धरून हसायचे. थोरलीचा नवरा, जो थोरलीची कथा वाचून ‘चांगली आहे’ एवढंच म्हणायचा, तोही घास हातात धरून ‘मग? मग?’ करायचा. थोरली हसायची, पण तिचं लक्ष त्या ‘मग?’कडे असायचं. तिला स्वतःला तो कधी मिळाला नव्हता.

तिसरं पुस्तक आलं आणि बरं नाव झालं. ‘पलीकडून’ नावाची एकच दीर्घकथा होती. एक टेलिफोन ऑपरेटर बाई. दूरगावी नोकरीला असलेला एक माणूस दर आठवड्याला आपल्या बायकोला फोन लावायचा, आणि ही जोडून देणारी बाई, ऐकायचं नसताना, दोघांचं बोलणं ऐकायची. वर्षानुवर्षं. त्यांची भांडणं, आजारपणं, मुलाचं पहिलं बोबडं बोलणं. मग यंत्रं येतात, एक्सचेंज बंद होतं, आणि शेवटच्या दिवशी ही बाई पत्ता शोधत त्या बायकोच्या दाराशी जाऊन उभी राहते. बेलकडे हात नेते. आणि तिथे थोरलीने दीड पान लिहिलं होतं. दाराचा रंग, पायपुसण्याची झिजलेली कड, आतून येणारा भांड्यांचा आवाज, आणि त्या बाईच्या मनात येऊन गेलेलं सगळं. मग बाई बेल न वाजवता परत फिरते. त्या दीड पानावर थोरलीने एक अख्खा हिवाळा घालवला होता. आपण आजवर लिहिलेल्यातलं सर्वांत चांगलं ते आहे, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पुस्तक वाचून एक दिग्दर्शक घरी आला. काटकुळा माणूस, गळ्यात बारा महिने मफलर. त्यामुळे नाटकवाल्यांत त्याला मफलरच म्हणायचे. त्याला ‘पलीकडून’चा एकपात्री प्रयोग करायचा होता. थोरलीने टेबलावर स्वच्छ कापड घातलं, चांगले कप काढले. नेमका रविवार होता. मफलर गोष्टीतल्या मौनाबद्दल बोलत होता, थोरली मान हलवत होती, आणि धाकटी जिन्यावरून उतरत, अर्ध्यातच सुरू झाली, “अहो ताई, आज काय झालं ऐका तरी!”

एक म्हातारी दुकानात आली होती, तिला बहिऱ्या नवऱ्यासाठी चष्मा हवा होता. का, तर त्याला ऐकू येत नाही. निदान ओठ तरी दिसू देत मेल्याला. धाकटीने म्हातारी केली, म्हातारा केला, मधे अडकलेला डॉक्टर केला. मफलरचा चहा गार झाला. धाकटी वर गेल्यावर तो जिन्याकडे बघत म्हणाला, “या कोण?”

“माझी धाकटी जाऊ. ती अशीच आहे, बडबडी,” थोरली म्हणाली.

“मला याच हव्यात,” मफलर म्हणाला.

थोरलीच्या मनात एक नावाजलेली नटी होती. पण आपण मोठं मन दाखवावं असं तिला वाटलं, आणि ती ‘बघा बुवा, तुम्हाला जमत असेल तर’ म्हणाली. आतून तिची खात्री होती की हे जमणार नाही.

अडचण पहिल्याच दिवशी आली. कागदावरून धाकटीला काही पाठ होईना. “अक्षरं बघितली की माझं डोकं बंद पडतं. ताई, तुम्ही वाचून दाखवा ना. कानाने एकदा आत गेलं की बाहेर यायचं नाही.” मग रोज सकाळी, दुकानाआधी, धाकटी खाली येऊन बसायची आणि थोरली वाचायची. थोरलीचा लिहायचा वेळ गेला, पण त्या सकाळी वाईट नव्हत्या. आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून परत येताना ऐकायला तिला गोड वाटायचं. कुठे ‘आणि’च्या जागी ‘अन्’ झालं तर ती बोट वर करायची आणि धाकटी जीभ चावून सुधारून घ्यायची.

फक्त त्या दीड पानाशी धाकटी अडायची.

“इथे माझे पाय दुखतात हो, ताई.”

“बसून तर आहेस.”

“मनात उभीच आहे की मी! किती वेळ दारात तिष्ठायचं? आतली बाई बाहेर येऊन विचारेल, कोण तुम्ही?”

“ती येत नाही. तेच तर आहे त्यात,” थोरली म्हणाली. धाकटीने मान डोलावली आणि दीड पान मुकाट्याने पाठ केलं.

पहिल्या प्रयोगाला दोनशे खुर्च्यांचा हॉल जवळपास भरला. थोरली पहिल्या रांगेत, नवी साडी, शेजारी नवरा. रंगमंचावर एक स्टूल आणि एक हेडफोन, एवढंच. धाकटी आली आणि पाहता पाहता नाहीशी झाली. ऑपरेटर बाई उरली, दूरगावचा नवरा उरला, ती बायको उरली. थोरली ओठांनी शब्द पुटपुटत होती. आपण हे लिहिलं होतं याचा तिला मधूनच विसर पडत होता आणि मधूनच इतका आनंद होत होता की नवऱ्याचा हात दाबावासा वाटत होता.

मग दार आलं. ऑपरेटर बाई पायऱ्या चढली. हात बेलकडे गेला. थोरलीने श्वास घेतला, दीड पानाचं पहिलं वाक्य तिच्या ओठांवर आलं.

धाकटीने बेल वाजवली.

दार उघडलं. वळून, आतल्या बायकोच्या आवाजात, ज्या आवाजाची आता सगळ्या हॉलला ओळख झाली होती, ती म्हणाली, “कोण हवंय?” पुन्हा वळली. ऑपरेटर बाई बघतच राहिली. कितीतरी वेळ बघत राहिली. आणि मग, गोष्टभर जो एक्सचेंजमधला कोरडा, कामाचा आवाज लावला होता, त्याच आवाजात म्हणाली, “माफ करा. राँग नंबर.” आणि पायऱ्या उतरून गेली.

आधी कुणीतरी एकच जण हसलं. मग सगळा हॉल हसला, आणि त्या हसण्यातच कुणाचा तरी हुंदका फुटला, तो दुसऱ्याला लागला. दिवे लागले तेव्हा माणसं नाकं पुसत टाळ्या वाजवत होती. थोरलीचा नवरा उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याचे डोळे भरले होते. लग्नानंतर तिने ते असे कधी पाहिले नव्हते.

“काय शेवट लिहिलाय हो!” मागच्या रांगेतून एक बाई पुढे आली. “राँग नंबर! अंगावर काटा आला.” पाठोपाठ एक जुने समीक्षक आले, ज्यांनी पूर्वी ‘संयत’ म्हटलं होतं. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. “दोन शब्दांत तुम्ही एका आयुष्याचा हिशेब मिटवलात.”

थोरली “थँक यू” म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आणि एकदा म्हटल्यावर पुढचे आपोआप निघाले.

आत, आरशासमोर, धाकटी तोंडाचा रंग पुसत होती. थोरलीला पाहून तिचा चेहरा उतरला. “ताई, रागावलात? शप्पथ, ठरवून नाही केलं. हात गेला आणि वाजलीच.”

“छे गं,” थोरली म्हणाली. “छान झालं.”

दुसऱ्या प्रयोगाला तिने मफलरला बजावून सांगितलं, की मूळ शेवट झाला पाहिजे. धाकटीने तो केला. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. साथ आल्यासारखा सगळा हॉल खोकला. तिसऱ्या प्रयोगाला राँग नंबर परत आला. थोरलीला कुणी विचारलं नाही आणि तिनेही विचारायचं धाडस केलं नाही.

प्रयोग वाढत गेले तशी थोरली पहिल्या रांगेतून मागे मागे सरकत शेवटच्या रांगेत पोचली. जायचं नाही असं ती दर वेळी ठरवायची आणि जायची. राँग नंबर जवळ आला की दोन्ही कान झाकून घ्यायची. ते अंधारात व्हायचं एवढंच बरं. घरात तर आणखी पंचाईत होती. बेल खालचीच वाजायची. दार उघडावं तर अनोळखी माणूस, हातात फुलं. “त्या इथेच राहतात ना? त्या... राँग नंबरवाल्या?” थोरली जिन्याकडे बोट दाखवायची. धाकटीच्या पावलांचा वरचा आवाज तिला पूर्वी कधी ऐकू आला नव्हता, आता प्रत्येक पाऊल कळायचं. धाकटीने नवे बूट घेतले तेही तिला आवाजावरून कळलं.

“तुझीच गोष्ट आहे ना ती,” नवरा म्हणाला. “तिचं कौतुक ते तुझंच.”

“तुम्ही त्या दिवशी कुठल्या वाक्याला रडलात?” तिने विचारलं. नवरा चांगला माणूस होता. तो उठला आणि पंखा पुसायला लागला.

त्याच आठवड्यात प्रयोगाचं परीक्षण वर्तमानपत्रात यायचं होतं, आणि त्याचं प्रूफ तिच्याच टेबलावर आलं. तिने लाल पेन हातात घेतलं. लेखिकेचं नाव बरोबर होतं. शेवटाबद्दल चांगला लांबलचक परिच्छेद होता. त्यानंतर धाकटीबद्दल एक ओळ: ‘त्यांचा सहज अविनय प्रेक्षकांना जिंकून घेतो.’ अभिनयाचा अविनय झाला होता. थोरलीच्या नजरेतून आजवर अशी चूक सुटली नव्हती. तिने पेन त्या शब्दावर टेकवलं. लाल ठिपका उमटला. मग पेन उचललं, पुढच्या ओळीतला एक चुकीचा ऱ्हस्व उकार दीर्घ केला, आणि कागद पुढे सरकवला.

अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी तो नाचवत जिना उतरली तेव्हा थोरलीने हातातला कप खाली ठेवला.

“वाचलंत का, ताई? सहज अविनय! काल दुकानात मालकांनी मोठ्याने वाचलं, गिऱ्हाईकसुद्धा हसायला लागलं. मी कापून काउंटरवर चिकटवणारे.” आणि मग डोळे पुसत म्हणाली, “तसं खोटं काय आहे म्हणा! तुमच्या शेवटाशी अविनयच केला मी.”

थोरलीने खूप निरखून पाहिलं. त्या चेहऱ्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग प्रकाशकाचा फोन आला. आवाज खुशीत होता. “पहिली आवृत्ती संपली, बाई! पण एक घोटाळा झालाय. लोक पुस्तक परत आणून देतायत.”

“परत? का?”

“म्हणतात, शेवटचं पान गायब आहे. राँग नंबर सापडत नाही. एकाने तर शिलाई उसवून पाहिली. तेव्हा नव्या आवृत्तीत तेवढं घालून टाका. ते दीड पान काढलं तरी चालेल, तसंही जरा लांबतं तिथे.”

थोरलीने फोन ठेवला आणि तशीच जिना चढून वर गेली. धाकटी कपडे वाळत घालत होती.

“मला प्रयोग बंद करायचेत,” थोरली म्हणाली.

धाकटीच्या हातात चिमटा होता. तो तिने दोरीला लावला, दुसरा घेतला, तोही लावला. “बरं,” ती म्हणाली. “गोष्ट तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसं.”

“का म्हणून विचारणार नाहीस?”

“मला ठाऊक आहे की.”

थोरलीला हे सहन होईना. भांडणासाठी जमवून आणलेले सगळे शब्द हातात तसेच राहिले. “ठाऊक होतं तर मग का केलंस? एक हिवाळा घालवला मी त्या दीड पानावर! सगळं जग ज्याचं कौतुक करतंय ते माझं नाही आणि जे माझं आहे ते लोकांना लांबतं. तुला काय कळणार त्यातलं?”

धाकटीने ओल्या हातांनी केस मागे सारले. “एक सांगू? तुम्ही मला वाचून दाखवायचात ना, तेव्हा सगळं सावकाश वाचायचात. नुसतं ते दीड पान आलं की भराभर. पान उलटायची घाई व्हायची तुम्हाला. मला वाटलं, यांनाही इथे उभं राहवत नाही. म्हणून मी आपली...”

“खोटं आहे हे,” थोरली म्हणाली आणि खाली आली. टेबलाशी बसून तिने पुस्तक उघडलं आणि ते दीड पान मोठ्याने वाचलं. मुद्दाम सावकाश वाचलं. तिसऱ्या वाक्यालाच तिचा आवाज पळायला लागला. तिने पुस्तक मिटून ठेवलं आणि हे कुणाला सांगितलं नाही.

प्रयोग थांबले. मफलर दोनदा येऊन हात जोडून गेला. रविवारची जेवणं चालू राहिली, पण धाकटी आता ‘मीठ द्या’ आणि ‘वाढू का?’ एवढंच बोलायची. दीर ताटात बघून जेवायचे. जेवण पूर्वीच्या निम्म्या वेळात उरकायचं. थोरलीच्या नवऱ्याने एकदा स्वतःच ऑफिसातला विनोद सांगून पाहिला. तो इतका पडला की त्यालाच ठसका लागला.

मधल्या काळात एका वाचनालयाने थोरलीला ‘पलीकडून’ वाचायला बोलावलं. ती हौसेने गेली. दीड पानासकट वाचलं. टाळ्या झाल्या, घरी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यावं तशा. बाहेर पडताना एका आजीबाईंनी दंडाला धरून विचारलं, “बाई, ते राँग नंबर विसरलात का हो आज?”

हिवाळा संपता संपता एका दुकानाच्या दारावर तिला कागद चिकटवलेला दिसला. ‘जवळचं आणि लांबचं. चष्म्याच्या दुकानातल्या गोष्टी.’ खाली मफलरचं नाव, वर धाकटीचा फोटो. घरात कुणी तिला एका शब्दाने बोललं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत होतं, हे त्याने पंखा पुन्हा पुसायला घेतला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

ती गेली. कुणाला न सांगता, तिकीट काढून, शेवटच्या रांगेत. धाकटी आपल्याला सोडणार नाही याची तिला खात्री होती. लाल पेनवाली एखादी जाऊ असेल, दारात उभी राहून जळणारी. कशी नक्कल करील, कुठे हशा पिकेल, सगळं तिने मनाशी रंगवलं होतं. घरी जाऊन काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

धाकटी बोलत गेली आणि थोरली स्वतःला शोधत गेली. बहिऱ्याची म्हातारी आली, नंबर लपवणारी आली, मालक आले. थोरली कुठेच आली नाही. ना बरी, ना वाईट. इतकी वर्षं एका जिन्याच्या दोन टोकांना राहून, या बाईच्या गोष्टींत तिला जागाच नव्हती. थोरलीला आजवर वाटलेल्या सगळ्या जळण्यापेक्षा हे जास्त झोंबलं.

शेवटची गोष्ट एका निवृत्त माणसाची होती. तो दर महिन्याला यायचा, फ्रेमा लावून बघायचा आणि काही न घेता जायचा. धाकटी विचारायची, “हा कसा वाटतो? जरा इकडे बघा. आता खाली.” हळूहळू तिला कळलं की त्याला चष्मा नको आहे. महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्या चेहऱ्याकडे नीट बघावं, एवढंच हवं आहे. आणि एक दिवस त्याने दुकानातली त्याला सगळ्यांत वाईट दिसणारी फ्रेम विकत घेतली, आणि पुन्हा कधी आला नाही.

थोरली खुर्चीत ताठ झाली. ही गोष्ट तिने ऐकली होती! जेवताना, कधीतरी, धाकटी सांगत होती आणि आपण ‘हं’ म्हणून ताट उचललं होतं. आपण लिहिली असती तर तो माणूस शेवटी मेला असता. ती वाईट दिसणारी फ्रेम आपल्याला सुचली नसती.

पण धाकटी थांबली नाही. तिने पुढे आणखी सांगितलं. की तो माणूस एकटा असावा, की आपणही कधी कुणाकडे नीट बघत नाही, की बघायला हवं. हॉल जरा सैलावला. टाळ्या चांगल्या पडल्या, पण थोरलीच्या कानाला त्यातली फट कळली. तिला इतका आनंद झाला, इतका नीच आणि लख्ख आनंद झाला, की घरी जाताना ती जवळजवळ पळत होती.

धाकटी परतेपर्यंत ती वरच्या मजल्यावर जाऊन बसली होती. दिरांनी घाबरून दोनदा चहा विचारला.

“शेवट लांबला,” धाकटी आत पाऊल टाकते न टाकते तोच थोरली म्हणाली.

धाकटी दारातच थबकली. “तुम्ही आला होतात?”

“‘पुन्हा कधी आला नाही.’ तिथे थांबायचं. पुढचं सगळं फुकट. लोकांना कळलेलं असतं, तू परत कशाला समजावतेस? तिथे तुझी भीती दिसते.”

“मग लोकांना वाटणार नाही का, संपलं की नाही?”

“वाटू दे.”

धाकटी बुटाची नाडी सोडता सोडता बसली. “मी घाबरतेच तिथे,” ती म्हणाली. “शांत झालं की मला वाटतं, गेले सगळे उठून.”

“कुणी जात नाही. म्हण बघू एकदा.”

पुढच्या प्रयोगाला धाकटी तिथेच थांबली. हॉल स्तब्ध झाला. कुणी खोकलंसुद्धा नाही. ती शांतता थोरलीची होती, आणि त्या अख्ख्या हॉलात हे ठाऊक असणारी दुसरी एकच बाई होती, ती समोर उजेडात उभी होती. मग टाळ्या कोसळल्या आणि माणसं धाकटीला भेटायला पुढे धावली. थोरलीला त्यांना वाट द्यायला गुडघे आखडून घ्यावे लागले. तो जुना हेवा काही आता जाणार नव्हता, हे तिला कळून चुकलं होतं.

‘पलीकडून’चे प्रयोग तिने पुन्हा सुरू करू दिले, राँग नंबरसकट. पुस्तकाची नवी आवृत्ती मात्र दीड पानासकटच निघाली. थोरलीने एक अक्षर हलू दिलं नाही. प्रकाशकाने वैतागून पहिल्या पानावर बारीक टाइपात छापलं, ‘या पुस्तकात कुठलंही पान गायब नाही.’ वाचकांमध्ये दोन तट पडले. बेल वाजवावी म्हणणारे पुष्कळ होते. वाजवू नये म्हणणारे थोडे होते, पण पत्रं तेच लिहायचे. ती पत्रं थोरली मोठ्याने वाचायची, धाकटी घरात असेल तेव्हा.

आणि तिने नवी कथा लिहायला घेतली. एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, ती कागद घेऊन वर गेली. “ऐकतेस का जरा?” धाकटी जमिनीवर उशी टाकून लवंडली होती. ऐकते म्हणाली. थोरलीने सावकाश वाचायला सुरुवात केली. धाकटी छताकडे बघत ऐकत होती. एकदा हसली. एकदा तिने कोपर टेकून तळहातावर हनुवटी ठेवली आणि “मग?” म्हणाली. आवाज तसाच ठेवून थोरली वाचत राहिली, दुसरा ‘मग?’ येईल म्हणून प्रत्येक परिच्छेदाशी हळूच थांबत राहिली.

पाचवं पान उलटलं तेव्हा तिला घोरणं ऐकू आलं.

थोरलीने कागद मांडीवर ठेवले. आधी ती रागाने लाल झाली. हिला गदागदा हलवून उठवावं असं वाटलं. मग तिने मागचं पान काढलं, हिचा डोळा कुठल्या वाक्याशी लागला असावा याचा अदमास घेतला, आणि कानामागचं लाल पेन काढून तिथे एक रेघ मारली. त्यापुढचं दीडच काय, चांगलं अडीच पान होतं. वाचून पाहिलं तर खरंच कंटाळवाणं होतं.

धाकटी तोंड अर्धवट उघडं टाकून झोपली होती. रात्री तिचा प्रयोग होता, हॉल भरलेला होता, आणि तिच्या कपाळावर एक आठी नव्हती. थोरलीला प्रयोगाच्या दिवशी, दुसऱ्याच्या प्रयोगाच्यासुद्धा, दुपारी डोळा लागत नसे. धाकटीच्या बाकी सगळ्याचा हेवा तिचा करून झाला होता. आज झोपेचाही झाला. ती जरा वेळ तशीच बघत बसली, मग पाय पसरून, भिंतीला टेकून, उरलेली पानं खोडायला लागली.